संध्याकाळची नोंद, सकाळचे पाकीट: सत्तरीतील एका काजू कारखान्याचे प्रकरण

जुलै महिना. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) खरेदीला जेमतेम दीड महिना उरलेला. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मध्यम आकाराच्या काजू कारखान्याकडे म्हापसा आणि पणजीच्या विक्रेत्यांकडून एकाच तऱ्हेच्या तक्रारी येऊ लागल्या. पाकीट फोडले की गर नरम लागतो, दाताखाली कुरकुरत नाही, काही पाकिटांना तर कुबट वास येतो. पाकिटावर छापलेली मुदत संपायला अजून बरेच महिने होते. कारखान्याकडे आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र होते. नोंदवह्या नीट भरलेल्या होत्या आणि प्रत्येक बॅचच्या कार्डावर आर्द्रतेचा आकडा ५ टक्क्यांच्या आत होता.

गुणवत्ता प्रणालीचा सल्लागार म्हणून मी या तपासात सुरुवातीपासून होतो. कारखान्याचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण यात कोणी कामचुकारपणा केला नव्हता, कोणी खोटा आकडा लिहिला नव्हता, यंत्र बिघडले नव्हते आणि तरीही सदोष माल गिऱ्हाइकाच्या हातात पडला होता. लहान कारखान्यांतले बरेचसे दोष असेच असतात.

गर कसा तयार होतो

प्रकरण समजण्यासाठी कामाचा क्रम माहीत हवा. वाळवलेले बी वाफेवर शिजवतात, गार झाल्यावर फोडतात, आतला सालीसकट गर ‘बोर्मा’ म्हणजे गरम हवेच्या भट्टीत साधारण ७० अंशांवर काही तास सुकवतात. बोर्म्यातून निघालेल्या गरात सुमारे ३ टक्केच ओल उरते. मग साल सुटते. साल काढली की प्रतवारी: अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्ख्यातही आकारानुसार दर्जे असतात. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. शेवटी नायट्रोजन भरून पाकीट सीलबंद.

इथे एक कायमची ओढाताण आहे. गर फार कोरडा असला तर तो हाताळताना तुटतो, आणि अख्ख्याचा तुकडा झाला की भाव झपाट्याने खाली येतो. गर ओलसर असला तर तुटत नाही, पण टिकतही नाही. व्यापारात ५ टक्के ही कमाल मर्यादा मानतात. म्हणजे ३ आणि ५ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा धंदा चालतो. त्यात जुलैत सत्तरीची हवा बाहेर ८५-९० टक्के दमट असते. उघड्यावर ठेवलेला कोरडा गर ही ओल शोषून घेणार, यात नवल नाही.

पहिली बैठक

मालकांच्या केबिनमध्ये झालेल्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडे कारण तयार होते. विक्री पाहणाऱ्याच्या मते दुकानदार माल ओल्या भिंतीला टेकवून ठेवतात. उत्पादन पाहणाऱ्याच्या मते पाकिटाची नवी फिल्म हलकी आहे. खरेदीवाल्याला आफ्रिकेतून आलेल्या बियांचा संशय होता. मालकांचे म्हणणे थोडक्यात असे: “पॅकिंगच्या मुलांना समज द्या, फॉर्म भरा आणि विषय मिटवा.”

फॉर्म भरणे म्हणजे सुधारात्मक कृतीचा कागद. त्यात मूळ कारण म्हणून ‘कामगाराचे दुर्लक्ष’ आणि उपाय म्हणून ‘प्रशिक्षण दिले’ असे लिहिले की बऱ्याच ठिकाणी फाइल बंद होते. मी आजवर पाहिलेल्या असल्या फायलींपैकी क्वचितच एखादीत तो दोष पुन्हा आला नाही. आयएसओ ९००१ चे कलम १०.२ याहून जास्त मागते: दोषाला आधी आवर घाला, कारण ठरवा, असाच दोष आणखी कुठे आहे किंवा होऊ शकतो का ते बघा, आणि केलेली कृती परिणामकारक ठरली का याची तपासणी करा. यातला शेवटचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो.

आधी आवर

फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये लिहून काढलेल्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीत कारण शोधण्याच्या आधी तात्पुरता आवर घालण्याची पायरी येते, आणि तो क्रम महत्त्वाचा आहे. गोदामातला साध्या अख्ख्या गराचा सगळा माल लाल पट्टी लावून वेगळा ठेवला. विक्रेत्यांना तक्रारीच्या बॅचेस परत पाठवायला सांगितल्या. कुबट वासाच्या पाकिटांतले नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बुरशीच्या विषासाठी, म्हणजे अफ्लाटॉक्सिनसाठी, तपासायला दिले. तिथे मर्यादा ओलांडली असती तर विषय नरम गरापुरता राहिला नसता. अन्नपदार्थ परत मागवण्याचे २०१७ चे नियम लागू झाले असते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाला कळवावे लागले असते. अहवाल मर्यादेच्या आत आला. तरीही परत आलेला माल मालकांनी पुन्हा बाजारात न पाठवण्याचा निर्णय घेतला. चवथीच्या तोंडावर हे सोपे नव्हते, आणि नेतृत्व हे गुणवत्तेचे तत्त्व पुस्तकातून कारखान्यात उतरते ते अशाच निर्णयांत.

काय बिघडले, काय नाही

जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावांची माशाच्या काट्याची आकृती आम्ही फळ्यावर काढली. माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. प्रत्येक काट्यावर भरपूर संशयित जमा झाले. आकृतीचा उपयोग एवढाच की कोणाचा संशय बोलायचा राहून गेला नाही. संशय कमी करण्यासाठी दुसरे साधन लागते. त्यासाठी एक साधा तक्ता केला: दोष कुठे आहे, आणि तो असू शकला असता पण नाही, असे कुठे आहे.

तुकड्याच्या पाकिटांची एकही तक्रार नव्हती. खारवलेल्या भाजक्या काजूचीही नव्हती. तक्रार फक्त साध्या, अख्ख्या गराची. फिल्म मात्र तिन्हींना तीच, सील करणारे यंत्र तेच, दुकाने तीच, बीही त्याच गोदामातले. एवढ्यानेच फिल्म, दुकानदार आणि आफ्रिकेचे बी या तिन्ही संशयांतला जोर गेला. फिल्म हलकी असती तर तुकडा का वाचला?

पुढचा पुरावा कपाटात होता. प्रत्येक बॅचची दोन पाकिटे, एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे, राखीव नमुना म्हणून ठेवली जात. ती कारखान्याबाहेर गेलेलीच नव्हती. आम्ही ती फोडली. सकाळची बरीच पाकिटे नरम निघाली, संध्याकाळची कुरकुरीत. फोडण्याआधी प्रत्येक पाकीट पाण्याखाली निर्वातात धरून बुडबुडे येतात का ते पाहिले होते. एकही सील गळत नव्हते. पाकीट धड आणि गर नरम, याचा अर्थ ओल सील होण्याआधीच आत गेली होती.

मग विक्रेत्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो पुन्हा काढले. पाकिटावर बॅच क्रमांकाच्या शेजारी छापणी यंत्र वेळही छापत असे. ती वेळ आजवर कोणी वाचली नव्हती. जवळजवळ सगळी तक्रारीची पाकिटे सकाळी अकराच्या आधी भरलेली होती.

माझ्या मते या तपासातला हा सर्वांत मोलाचा क्षण. आकडे नवे नव्हते, ते रोज छापले जात होते. फक्त ते सकाळ-संध्याकाळ असे वेगळे करून कोणी मांडले नव्हते. पुराव्यावर आधारित निर्णय हे तत्त्व ऐकायला कोरडे वाटते, पण फोटोतली वेळ वाचणे म्हणजे तेच.

कार्डावरचा आकडा

बॅच कार्डावर मात्र ओल ४.२, ४.०, ४.४ अशीच होती. मोजणारे यंत्र चुकत असेल असा संशय रास्त होता, म्हणून तोच गर भट्टीत १०५ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत सुकवून ताडून पाहिला. यंत्र ठीक होते. मापनाची साधने भरवशाची हवीत असे कलम ७.१.५ सांगते, आणि इथे साधन भरवशाचे होतेच.

मोजण्याची वेळ विचारली तेव्हा धागा हाताला लागला. गुणवत्ता विभागाची मुलगी रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास, प्रतवारी संपता संपता, नमुना घेई आणि कार्डावर आकडा लिही. पॅकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सुरू होई. मधले सुमारे साडेपंधरा तास गर प्लास्टिकच्या उघड्या क्रेटमध्ये प्रतवारीच्या खोलीत असे. खिडक्यांना जाळी होती, काचा नव्हत्या. आम्ही एका संध्याकाळी ४.२ टक्के ओल असलेले क्रेट खुणेसाठी सुतळी बांधून ठेवले. सकाळी वरच्या थरातली ओल ६ टक्क्यांच्या पुढे होती, तळाचा थर मात्र ५ च्या आत. म्हणूनच सकाळच्याही सगळ्या पाकिटांत दोष नव्हता.

तुकडा दुपारीच वेगळा होऊन त्याच दिवशी भरला जाई. खारवलेला काजू भाजून लगेच भरला जाई. दोघांनाही रात्र लागत नव्हती. तक्त्यातले सगळे ‘आहे’ आणि ‘नाही’ या एका कारणाने उलगडले. खरे कारण ओळखायची माझी कसोटी हीच आहे. जे बिघडले त्याचे उत्तर तर त्यातून मिळायलाच हवे, पण जे बिघडले नाही त्याचेही मिळायला हवे.

रात्र का?

इथे थांबून ‘क्रेट झाका’ असा फलक लावता आला असता. पण ‘का’ विचारत खाली जाण्याची टोयोटातली सवय इथेच उपयोगी पडते. क्रेट उघडे का? कारण रात्री ठेवायचे असे ठरलेच नव्हते, म्हणून झाकणे कधी घेतलीच नव्हती. मग रात्री का राहतात? उत्पादनवाल्याकडे उत्तर नव्हते. पूर्वी संध्याकाळी पॅकिंग होत असे, मग कधीतरी बदलले, एवढेच तो सांगू शकला.

उत्तर प्रतवारीच्या टेबलावर मिळाले. तिथल्या ज्येष्ठ बाईंना सगळे काकी म्हणतात. मी विचारले, “काकी, आधी त्याच दिवशी भरायचे ना? मग रात्री ठेवायला कधीपासून लागलात?”

“एप्रिलात,” त्या म्हणाल्या. “तेव्हा गर बोर्म्यातून इतका कडक यायचा की हात लावला की पाकळी. पाकळी झाली की आमचे पैसे कापतात. एक दिवस काम उरले, दुसऱ्या दिवशी बघितले तर रात्रभर राहिलेला गर हाताखाली तुटत नव्हता. मग आम्ही शेवटची निवड सकाळीच करायला लागलो. सुपरवायझरना सांगितले होते, ते बरे म्हणाले.”

त्यांनी क्रेटमधला गर चिमटीत धरून दाखवला. संध्याकाळचा गर दाबला की टचकन दुभंगे, सकाळचा किंचित लवे. हातांना हे कळत होते, कार्डाला नाही.

साल काढणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर होती आणि तूट, म्हणजे तुटलेल्या गराचे प्रमाण, वाढली की कपात होई. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत रात्रभरात गर ३ वरून ४ च्या आसपास येई. तुटणे कमी झाले, अख्ख्याचे प्रमाण वाढले, मालकही खूश झाले. म्हणजे ही सवय एका खऱ्या अडचणीवर शोधलेला चांगला उपाय होती. जूनमध्ये पाऊस आला, हवा बदलली, पण उपाय तोच राहिला. आणि तो कागदावर कुठेच नसल्यामुळे पावसाळ्यासाठी त्याचा पुन्हा विचार करायला हवा हे कोणाच्या ध्यानात येण्याचा मार्गच नव्हता.

मूळ कारण दोन पदरी निघाले. दोष निर्माण का झाला? कामाच्या पद्धतीतला बदल तपासून, लिहून, मंजूर करून घेतला गेला नाही म्हणून. मानकात कलम ८.५.६ नेमके यासाठी आहे. तो तपासणीतून का निसटला? ओल मोजण्याचा टप्पा पॅकिंगच्या आदल्या दिवशी राहिला म्हणून. पद्धत सरकली, तपासणी जागची हलली नाही. प्रतवारीचा टप्पा काकींचा, पॅकिंगचा टप्पा पॅकिंगवाल्यांचा, आणि मधली रात्र कोणाचीच नाही. प्रक्रियांचा एकमेकींशी असलेला संबंध ओळखा असे मानक सांगते तेव्हा रोख या मधल्या जागेकडे असतो, आणि लेखापरीक्षणातही आपण विभागावरून विभागावर उडी मारतो तेव्हा नेमकी हीच जागा पाहायची राहते.

उपाय ठरवताना

पहिला आग्रह रात्री ठेवणे बंद करण्याचा होता. तसे केले असते तर दोष पुन्हा प्रतवारीत गेला असता: तूट वाढली असती, बायकांची मजुरी कापली गेली असती, आणि आठवड्याभरात क्रेट गुपचूप कुठेतरी रात्री ठेवले गेले असते. गराला थोडी ओल हवीच होती. ती हवेच्या मर्जीवर न सोडता मोजून द्यायची, एवढाच प्रश्न होता.

बोर्म्याशेजारची एक लहान खोली काचा लावून बंद केली, आत आर्द्रतामापक टांगला आणि आर्द्रता कमी-जास्त करायची सोय केली. बोर्म्यातून निघालेला गर आता तिथे ठरावीक वेळ ठेवून ४ ते ४.५ टक्क्यांवर आणतात आणि मगच सालकाढणीला देतात. प्रतवारी झालेला गर त्याच दिवशी भरायचा. त्यासाठी पॅकिंगची पाळी सकाळी साडेआठऐवजी अकराला सुरू करून संध्याकाळी उशिरापर्यंत नेली. यात खरी अडचण यंत्रांची नव्हती, बसची होती. संध्याकाळच्या बसनंतर गावाकडे जायला पॅकिंगच्या माणसांना काही नव्हते. मालकांनी कारखान्याची गाडी सोडायला दिली.

काही उरलेच तर ते आतून पिशवी लावलेल्या झाकणबंद पिंपात जाते आणि सकाळी पुन्हा मोजल्याशिवाय भरले जात नाही. ओल मोजण्याचे टेबल पॅकिंग यंत्राच्या तोंडाशी हलवले. ४.८ च्या वर आकडा गेला तर भरणे थांबवण्याचा अधिकार यंत्रावरच्या माणसाला दिला, सुपरवायझरला विचारण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मालकांनी मान्य केली, आणि माझ्या दृष्टीने तिच्याशिवाय बाकी सगळे कोसळले असते. चाचणीच्या काळात तूट कितीही आली तरी मजुरी कापायची नाही. त्यामुळे बायकांनी तुटलेला गर लपवला नाही आणि आम्हाला खरे आकडे मिळाले.

पडताळणी

पहिले काही दिवस तूट खरोखर वाढली. बंद खोलीत क्रेट एकावर एक रचल्यामुळे मधल्या क्रेटना हवा लागत नव्हती. काकींनीच ते दाखवले. दोन क्रेटच्या मध्ये फळ्या घालून अंतर ठेवल्यावर तूट एप्रिलच्या पातळीवर आली. योजना, कृती, तपासणी, सुधारणा हे चक्र एका फेऱ्यात पुरे होत नाही ते असे.

पॅकिंगच्या तोंडाशी घेतलेले ओलीचे आकडे आता नियंत्रण आलेखावर भरतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना मांडलेला हा आलेख काजूच्या कारखान्यात हाताने, आलेखाच्या कागदावर काढला तरी चालतो. मर्यादेच्या आत असूनही ठिपके सलग वर सरकू लागले की खोलीकडे बघायचे, तक्रारीची वाट बघायची नाही. दोष पूर्वी होता हे दाखवण्यासाठी आम्ही राखीव पाकिटांचे आकडेही त्याच कागदावर सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन रंगांत भरले. मालकांना माझ्या लांबलचक बोलण्यापेक्षा ते दोन रंग लवकर पटले.

चवथीचा माल नव्या पद्धतीने गेला. पावसाळा संपेपर्यंत नरम गराची नवी तक्रार आली नाही. तरीही कागद तेव्हा बंद केला नाही. दोष ऋतूशी बांधलेला होता, तेव्हा कोरड्या ऋतूतली शांतता पुरावा ठरू शकत नाही. पडताळणीची तारीख पुढच्या वर्षीच्या जुलैची टाकली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या लेखापरीक्षकाने इतकी लांबची तारीख का असे विचारले आणि कारण ऐकून मान्य केले.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक नावाकडे बघून जास्त दाम मोजते. त्याच्या अपेक्षेत कुरकुरीतपणा पहिला येतो, दर्जाचे आकडे नंतर.

‘असाच दोष आणखी कुठे?’ या प्रश्नाचे काम अजून चालू आहे. हंगामात सालकाढणीचा काही भाग गावातल्या घरांत दिला जातो, आणि तिथला गर दोन-दोन रात्री पोत्यात राहून परत येतो. बाहेरून करून घेतलेल्या कामावर नियंत्रण ठेवा असे कलम ८.४ सांगते, पण ओटीवर बसून साल काढणाऱ्या बाईकडे आर्द्रतामापक देता येत नाही. सध्या झाकणबंद डबे कारखान्यातून दिले जातात, गर परत आला की दारातच मोजला जातो, आणि ५ च्या वरचा गर थेट बोर्म्याकडे वळवला जातो. या वळवलेल्या गराची तूट कोणाच्या नावावर टाकायची हे ठरलेले नाही. घरच्या बायकांच्या नावावर ती टाकू नये असे माझे स्पष्ट मत मी अहवालात लिहिले आहे, आणि पुढच्या व्यवस्थापन आढावा बैठकीत तो विषय पहिला घेतला आहे.